तिसरा यजमान

होस्टला मी मराठीत यजमान म्हणतो,
आणि पूर्वा चौरसिया फोनवर हसते,
"सर, यजमान तो हवन में बैठता है."
बसतोच की. हाही बसलाय
छावणीतल्या धर्मादाय इस्पितळाच्या तळघरात,
रॅकच्या मधल्या खणात, पंखे फिरवत, हिरवा दिवा लावून,
आणि एकाही पाहुण्याला दारात उभं करत नाही.

पहिले दोघे दमलेत.
एकोणीस पाहुणे त्यांच्या गळ्यात:
एक्स-रेची चित्रं, रक्तपेढीचा हिशेब, ओपीडीच्या चिठ्ठ्या,
आणि एक जुनं पगारपत्रक, जे बंद करून बघायची
कुणाची छाती नाही.

संध्याकाळी सातला कळलं, पाहुणे पोसायची ताकद
याच्या अंगात आहे, पण कारखान्यातून निघताना
कुणी ती चालूच केली नव्हती.
बायोसच्या निळ्या पडद्यावर, चौथ्या पानाच्या तळाशी, एक शब्द.
केला.
मग घड्याळ. साडेपाच तास मागे,
ग्रिनिचमध्येच रेंगाळलेला.
ओढून इंदूरला आणला.

जेवायला घरी गेलो, आणि ताटावरूनच
पूल बांधायला बसलो.
पत्ता तारेवरून उचलून पुलावर ठेवायचा, एवढंच.
ज्या तारेवर बसून बोलत होतो, तीच उचलली.
पडदा गोठला.
वरणभात तसाच, गाडी काढली.

आता पिंग जातो, परत येतो,
एजंट म्हणतो मी जिवंत आहे,
आणि कंट्रोलर दर मिनिटाला तेच:
योग्य यजमान आढळला नाही.
योग्य!
असली उत्तरं मी ताईच्या लग्नाच्या वेळी
पोस्टकार्डांवर वाचली आहेत.

लॉग उलगडला. ठीक, ठीक, ठीक,
मग एक अपवाद, त्याच्या पोटात दुसरा,
त्याच्याही पोटात: या नावाचा पूल इथे नाही.
"नाम देखिए सर," पूर्वा म्हणाली.
बघितलं. तेच आहे. अक्षर न् अक्षर तेच.

नावाचं मला सांगू नकोस, पूर्वा.
मी वाळिंबे.
दहावीच्या गुणपत्रिकेवर वालिम्बे, आधारवर वालींबे,
आणि विजेच्या बिलावर बाबांचं जे झालंय, ते वाचून
बाबांना वाटलं होतं, दुसऱ्याच कुणाची थकबाकी.
सरकारी दप्तरात ळ नाही.
चार पिढ्या आम्ही ल होऊन राहिलो
आणि टपाल येत राहिलं.
पोस्टमन समजून घ्यायचा.

हा समजून घेणार नाही. याचं काम ते नाही.

पावणेतीनला, दुसरं काही सुचेना म्हणून,
नावाभोवती अवतरणचिन्हं लावून छापलं.
उघडणारं चिन्ह पहिल्या अक्षराला चिकटून.
मिटणारं
एक पाऊल दूर.

एवढीच फट.
दिसत नाही, पण मोजली की भरते.
कुणी टाकली? जानेवारीतली नोंद काढली,
दिघे साहेब निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात
सांगत होते, मी टाइप करत होतो.
नाव संपलं, आणि पुढच्या शब्दाची वाट बघत
माझा अंगठा सवयीने लांब कळीवर पडला.
पुढचा शब्द ते बोललेच नाहीत. चहा आला होता.

मागे जाणारी कळ, एकदा.
एजंट बसवला-उठवला.
तीन वाजून सहा मिनिटांनी कंट्रोलरने
काहीही न बोलता त्याला ओळीत घेतलं.
आधी रक्तपेढी हलवली, चालती.
तिला कळलंही नाही की घर बदललं;
वर कुणीतरी ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या शोधत होतं,
त्यांना फक्त अर्धा सेकंद उशिरा सापडल्या.
पगारपत्रकाला हात लावला नाही.

वर आलो तर रस्ता धुणारी गाडी नुकतीच गेलेली,
डांबर ओलं, आणि चौकीदार रामदयाल पाय वर घेऊन बसलेला.
"भिया, हुआ क्या था?"
"जगह छूट गई थी."
"अच्छा," तो म्हणाला, "पार्किंग की."

नोंदवहीत लिहिलं, कारण: शेवटी एक रिकामी जागा.
खाली सही केली.
ळ जरा मोठाच निघाला.